पलाऊचा नकार

१ ऑक्टोबर १९९४ रोजी पलाऊ स्वतंत्र झालं आणि अडीच महिन्यांत, १५ डिसेंबरला, संयुक्त राष्ट्रांचं १८५वं सदस्य बनलं. दुसऱ्या महायुद्धानंतर जे अकरा प्रदेश संयुक्त राष्ट्रांनी निरनिराळ्या देशांच्या विश्वस्तपणाखाली ठेवले होते, त्यांतला हा शेवटचा. तो मोकळा झाला आणि महिनाभरात विश्वस्त परिषदेने आपलं काम स्थगित केलं. सांभाळायला कुणी उरलंच नव्हतं. फिलिपिन्सच्या पूर्वेला, प्रशांत महासागरात, सुमारे ४६० चौरस किलोमीटर जमीन आणि अठरा हजारांच्या आत-बाहेर लोकसंख्या असा हा देश. पण ज्या दिवशी तो स्वतंत्र झाला, त्याच दिवशी अमेरिकेशी केलेला मुक्त सहयोगाचा करारही अमलात आला. त्या कराराने संरक्षणाचे सगळे अधिकार पन्नास वर्षांसाठी वॉशिंग्टनकडे गेले. चलन अमेरिकी डॉलर, टपालाचा पिनकोडसुद्धा अमेरिकी. मग स्वतंत्र झालं म्हणजे नेमकं काय झालं, हा प्रश्न पलाऊबद्दल बोलताना लगेच पुढे येतो, आणि तो विचारणाऱ्याचा स्वर बहुधा असा असतो की उत्तर ठरलेलंच आहे. मला ते उत्तर मान्य नाही. देशाकडे सैन्य किती, पैसा किती, माणसं किती, या मापाने छोट्या देशाचं स्वातंत्र्य मोजायला बसलं तर हाती शून्यच येणार. त्याला नकार देता येतो का, तो नकार बलाढ्य समोरच्याला ऐकावा लागतो का, आणि त्याची किंमत देश स्वतः मोजतो का, हे पाहिलं तर पलाऊ वेगळा दिसू लागतो.

पलाऊच्या लोकांना परक्यांशी सौदा करणं नवं नव्हतं. १७८३ साली ईस्ट इंडिया कंपनीचं 'अँटिलोप' हे जहाज इथल्या खडकांवर फुटलं. कोरोरच्या प्रमुखाने, म्हणजे इबेदुलने, कॅप्टन विल्सन आणि त्याच्या खलाशांना आसरा दिला, नवं गलबत बांधायला मदत केली आणि बदल्यात त्यांच्या बंदुका आपल्या वैऱ्यांविरुद्ध वापरून घेतल्या. विल्सनबरोबर इंग्लंडला गेलेला इबेदुलचा मुलगा ली बू पुढच्याच वर्षी लंडनमध्ये देवीने वारला. ती बातमी आणि भेटवस्तू घेऊन १७९० साली जी दोन जहाजं पलाऊकडे निघाली, ती मुंबईहून. बॉम्बे मरीनचा जॉन मॅक्लूअर त्यांचा प्रमुख होता, आणि पुढे नोकरी सोडून तो काही काळ पलाऊलाच राहिला. मुंबईशी पलाऊचा एवढाच जुना धागा आहे, पण तो सांगण्यासारखा आहे, कारण त्या काळात अटी ठरवण्यात स्थानिक प्रमुखांचा हात होता. परका पाहुणा होता, मालक नव्हता.

पुढचं शतक उलटं गेलं. १८८५ साली स्पेन आणि जर्मनीच्या वादात पोपने लवाद म्हणून ही बेटं स्पेनच्या पदरात टाकली. १८९९ मध्ये स्पेनने कॅरोलाइन्स आणि मारियानांबरोबर ती जर्मनीला अडीच कोटी पेसेटांना विकली. जर्मनांनी अंगौर बेटावर फॉस्फेटची खाण उघडली. १९१४ मध्ये जपानी आरमाराने बेटं घेतली, राष्ट्रसंघाने त्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि कोरोर हे जपानच्या साऱ्या दक्षिण सागरी प्रदेशाचं मुख्य ठाणं झालं. तीसच्या दशकाच्या अखेरीस तिथे पलाऊच्या माणसांपेक्षा जपानी माणसं जास्त होती. १९४४च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये पेलेलिउ बेटावरच्या एका धावपट्टीसाठी सुमारे दहा हजार जपानी सैनिक आणि पावणेदोन हजारांच्या आसपास अमेरिकी सैनिक मेले. ती लढाई मुळात गरजेची होती का, यावर लष्करी इतिहासकार अजून वाद घालतात. साठ वर्षांत चार धनी बदलले आणि एकदाही कुणी बेटावरच्या माणसाला विचारलं नाही. पलाऊच्या नंतरच्या हट्टाकडे पाहताना ही पार्श्वभूमी विसरली की तो हट्ट निव्वळ आडमुठेपणा वाटतो.

१९४७ साली अमेरिकेकडे आलेलं विश्वस्तपदही इतर दहा प्रदेशांसारखं नव्हतं. मायक्रोनेशियाचा हा टापू 'सामरिक' म्हणून वेगळा काढला होता. त्याची देखरेख आमसभेकडे नव्हती, ती सुरक्षा परिषदेकडे होती, आणि तिथे अमेरिकेला नकाराधिकार होता. कागदावर मात्र विश्वस्ताचं कर्तव्य स्पष्ट लिहिलेलं होतं: लोकांना स्वशासनाकडे किंवा स्वातंत्र्याकडे न्यायचं. प्रत्यक्षात पहिली पंधरा वर्षं बेटांकडे फारसं लक्ष दिलं गेलं नाही. केनेडींच्या काळात, १९६३ साली, अर्थतज्ज्ञ अँथनी सॉलोमन यांच्या गटाने अहवाल दिला, त्याचा रोख असा की आधी शाळा, दवाखाने, पगार यांवर खर्च वाढवावा आणि मग सार्वमत घेऊन ही बेटं अमेरिकेशी कायमची जोडून घ्यावीत. खर्च वाढला, पण तो उत्पादनावर नव्हे, सरकारी नोकऱ्यांवर. ज्या समाजाचं पोट अळूच्या वाफ्यांवर आणि प्रवाळाच्या आतल्या मासळीवर चालत होतं, तो एका पिढीत महिन्याच्या पगाराकडे डोळे लावून बसू लागला. पुढे ज्याला पलाऊचं परावलंबन म्हणून बोट दाखवलं जातं, ते बेटाच्या स्वभावातून आलेलं नाही. ते धोरण म्हणून घडवलेलं आहे.

तरीही १९७८ साली पलाऊने पहिला नकार दिला. शेजारच्या बेटांसह एकच मायक्रोनेशियन संघराज्य करण्याची घटना त्याच्या मतदारांनी फेटाळली. दुसऱ्या वर्षी त्यांनी स्वतःची घटना लिहिली आणि तिच्यात जगातल्या कुठल्याही घटनेत तोवर नसलेलं कलम घातलं: अण्वस्त्रं, रासायनिक, वायू आणि जैविक शस्त्रं यांचा वापर, चाचणी, साठवण किंवा विल्हेवाट देशाच्या हद्दीत करायची तर त्यासाठी सार्वमतात तीन चतुर्थांश मतं हवीत. हिरोशिमा, आणि त्याहून जवळचं बिकिनी आणि एनेवेटाक, ही उदाहरणं डोळ्यांसमोर होती. अणुचाचण्यांसाठी मार्शल बेटांवरची माणसं कशी हलवली गेली आणि कशी आजारी पडली, हे याच विश्वस्त प्रदेशात घडलं होतं. अमेरिकेने हरकत घेतली, कारण तिच्या युद्धनौकांवर काय आहे ते ती सांगत नाही. ९ जुलै १९७९ला ९२ टक्के मतदारांनी घटना मंजूर केली. अमेरिकेच्या आक्षेपांनंतर तेव्हाच्या विधिमंडळाने तो कौल निष्प्रभ करायची वाट काढली आणि सौम्य केलेला मसुदा ऑक्टोबरमध्ये पुढे ठेवला. मतदारांनी तो धुडकावला. १९८० साली मूळ मसुदा पुन्हा मताला आला आणि सुमारे ७८ टक्क्यांनी मंजूर झाला. वर्षभरात तीन वेळा एकच उत्तर देणारा मतदार गोंधळलेला आहे, असं म्हणता येणार नाही.

मग मुक्त सहयोगाचा करार आला. अमेरिकेला लष्करी ठिकाणं निवडण्याचा हक्क हवा होता, आणि तिने जागा दाखवली की पलाऊने ती मुदतीत मोकळी करून द्यायची, अशी अट होती. पैसा भरपूर होता. १९८३ पासून १९९० पर्यंत सात वेळा हा करार मताला टाकला गेला. सातही वेळा त्याला बहुमत मिळालं, साधारण ६० ते ७३ टक्क्यांच्या दरम्यान, आणि सातही वेळा अण्वस्त्रांच्या कलमाने घातलेला ७५ टक्क्यांचा उंबरठा ओलांडता आला नाही. १९८६ मध्ये सरकारने मंजुरी जाहीर करून टाकली, तर पलाऊच्याच न्यायालयाने ती अडवली. १९८७ मध्ये आधी घटनादुरुस्ती करून मग साध्या बहुमताने करार संमत झाल्याचं जाहीर केलं गेलं. तेही पुढच्या वर्षी न्यायालयाने बेकायदा ठरवलं.

१९८७चा तो उन्हाळा पलाऊच्या इतिहासातला सगळ्यात वाईट काळ. एका ब्रिटिश कंपनीकडून घेतलेल्या वीजकेंद्राच्या कर्जाने तिजोरी रिकामी झाली होती. सरकारने जवळजवळ नऊशे कर्मचाऱ्यांना बिनपगारी घरी बसवलं. करार झाला की पैसा येईल, ही आशा त्यांच्यापुढे ठेवलेली होतीच. त्यांचा राग करार अडवणाऱ्यांवर वळला. न्यायालयात गेलेल्या स्त्रियांना धमक्या आल्या, त्यांतल्याच गाब्रिएला न्गिरमांग यांच्या घरावर पेटते बॉम्ब फेकले गेले, आणि याच काळात एका माणसाचा खूनही झाला. स्त्रियांनी दावा मागे घेतला. काही महिन्यांनी त्यांनी तो पुन्हा दाखल केला आणि जिंकला. (पहिले राष्ट्राध्यक्ष हारुओ रेमेलीक यांचा १९८५ साली खून झाला आणि त्यांच्या जागी आलेले लाझारस सालीई यांनी १९८८ मध्ये स्वतःला गोळी घातली. या दोन्ही मरणांची गणती अनेकदा अण्वस्त्रविरोधी लढ्यात केली जाते, पण त्यांची कारणं इतकी सरळ नव्हती.)

दावा स्त्रियांनीच का लावला, हे नीट पाहायला हवं, कारण पलाऊच्या नकाराचं मूळ तिथे आहे. पलाऊमध्ये कूळ आईकडून चालतं. प्रमुखाची पदवी पुरुषाला मिळते, पण ती कुणाला द्यायची हे कुळातल्या ज्येष्ठ स्त्रिया ठरवतात, आणि पुरुष नालायक निघाला तर पदवी काढूनही घेतात. अळूचे वाफे स्त्रियांचे. आपण अळूची पानं खातो. तिथे कंद हे मुख्य अन्न. गुडघाभर चिखलात उभं राहून बाई पाण्याची वाट वळवते, जुनी पानं-फांद्या खत म्हणून दाबते, आणि कुठला वाफा कुणाच्या आजीपासून कुणाकडे आला हे तिच्या डोक्यात असतं. करारातल्या लष्करी जागांचा अर्थ या बायकांना नकाशावर शोधावा लागला नाही. बाबेलदाओब बेटावर सराव करायला किती जमीन लागेल, हे त्यांना वाफ्यांच्या हिशोबात कळलं. म्हणून अण्वस्त्रांचा मुद्दा आणि जमिनीचा मुद्दा त्यांच्यासाठी वेगळे नव्हतेच. शेवटी जमीन पलाऊच्या नागरिकांपलीकडे कुणाच्या मालकीची होऊ शकत नाही, हेही त्याच घटनेत लिहिलेलं आहे.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. ६० ते ७३ टक्के लोकांना करार हवा होता आणि उरलेल्यांनी तो अडवून धरला. ही लोकशाही कुठली? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. बिनपगारी घरी बसलेल्या माणसाला 'तू बहुमतात आहेस, तरी थांब' असं सांगणं सोपं नसतं. पण तीन चतुर्थांशाचा उंबरठा बाहेरून लादलेला नव्हता. तो त्याच मतदारांनी, ९२ टक्क्यांनी आणि मग ७८ टक्क्यांनी, मुद्दाम उंच बांधला होता. जी गोष्ट एकदा झाली की मागे घेता येत नाही, तिच्यासाठी साधं बहुमत पुरेसं मानायचं नाही, असा तो निर्णय होता. अठरा हजारांच्या समाजात एका पगारवाढीने, एका घराण्याच्या बदललेल्या कलाने साधं बहुमत इकडचं तिकडे होतं. तळावर बाँबफेकी विमानं एकदा उतरली की ती पुढच्या निवडणुकीने उडून जात नाहीत. शिवाय ती अट बदलण्याचा मार्गही बंद नव्हता. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये पलाऊने नियमाप्रमाणे घटनादुरुस्ती केली, कराराला साधं बहुमत पुरेल असं ठरवलं, आणि ९ नोव्हेंबर १९९३च्या आठव्या मतदानात ६८ टक्क्यांनी तो मंजूर केला.

म्हणजे शेवटी ते नमलेच ना? हा दुसरा आक्षेप, आणि तो निराश माणसाचा आहे. पंधरा वर्षं झगडले आणि अखेर सही केलीच. होय, केली. पण १९८३ला सही केली असती तर काय झालं असतं, याची कल्पना करायला फार लांब जायला नको. ईशान्येला ग्वाम आहे. १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात असलेलं ते बेट आजही संयुक्त राष्ट्रांच्या स्वशासन नसलेल्या प्रदेशांच्या यादीत आहे. त्याच्या जमिनीचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग लष्कराकडे आहे. तिथले रहिवासी अमेरिकेचे नागरिक आहेत, पण अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला मत देऊ शकत नाहीत. त्यांना कधी करारच करता आला नाही. नको असलेली कलमं बदला, असं म्हणायला त्यांच्याकडे कलमंच नव्हती. पलाऊच्या दिरंगाईने ती कलमं चर्चेत राहिली आणि काही सुधारलीही. दरम्यान शीतयुद्ध संपलं, फिलिपिन्समधले तळ अमेरिकेने सोडले, आणि तरी पलाऊमध्ये मोठा तळ उभा राहिला नाही. यात पलाऊच्या हट्टाचा वाटा किती आणि बदललेल्या जगाचा किती, हे तराजूत घालून सांगता येणार नाही. पण घाईने सही करणाऱ्याला वेळ मिळत नाही, एवढं खरं.

तिसरा आक्षेप आजच्या वागण्याबद्दलचा. २००३ मध्ये इराकवर स्वारी करणाऱ्या अमेरिकेच्या सहकाऱ्यांच्या यादीत सैन्य नसलेल्या पलाऊचं नाव होतं. २०१२ मध्ये पॅलेस्टाइनला संयुक्त राष्ट्रांत निरीक्षक राष्ट्राचा दर्जा द्यायला विरोध करणाऱ्या नऊ देशांत पलाऊ होतं. २०१७ मध्ये जेरुसलेमच्या ठरावावरही ते अमेरिकेच्या बाजूने उभं राहिलं. मेलेकेओकमधली राजधानी न्गेरुलमुड २००६ मध्ये वापरात आली. तिथली घुमटाची इमारत वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलच्या धर्तीवर आहे आणि तिला तैवानचं कर्ज लागलं. मला हे सारं खटकतं, विशेषतः पॅलेस्टाइनचं मत. जी माणसं स्वतः विश्वस्ताखाली सत्तेचाळीस वर्षं काढून आली, त्यांनी दुसऱ्याच्या अर्ध्या पावलालाही विरोध करावा, याचं समर्थन मी करणार नाही. पण यावरून पलाऊला स्वतःचं मतच नाही, हा निष्कर्ष निघत नाही. ज्या प्रश्नांत आपलं काही पणाला नाही तिथे ते ताकदवानाच्या मागे गेलं. जिथे स्वतःचं पणाला आहे तिथे काय केलं, ते बघायला हवं.

ते समुद्रात दिसतं. जमीन ४६० चौरस किलोमीटर, पण सागरी हद्द सहा लाखांच्या वर. पलाऊच्या गावांत जुनी रीत आहे: मासळी कमी झाली, किंवा अंडी घालायचा हंगाम आला, की प्रमुख खडकाच्या त्या भागावर 'बुल' लावतात, आणि बंदी उठेपर्यंत तिथे कुणी जाळं टाकत नाही. टॉमी रेमेंगेसाऊ यांच्या सरकारने २०१५ मध्ये कायदा करून हीच रीत देशभर नेली. हद्दीचा ८० टक्के भाग, सुमारे पावणेपाच लाख चौरस किलोमीटर, मासेमारीला बंद. उरलेला देशातल्या बाजारासाठी. १ जानेवारी २०२० पासून तो लागू झाला. त्याआधी २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन टोरिबियाँग यांनी सगळी हद्द शार्कसाठी अभयारण्य जाहीर केली होती. हे निर्णय परकी मासेमार जहाजांकडून मिळणाऱ्या परवाना शुल्कावर पाणी सोडणारे होते, आणि ते जपान-तैवानसारख्या मित्रांना गैरसोयीचे होते. २०२२ मध्ये लिस्बनच्या महासागर परिषदेत राष्ट्राध्यक्ष सुरांगेल व्हिप्स यांनी खोल समुद्रातल्या खाणकामाला तात्पुरती बंदी मागणाऱ्या देशांचा गट उभा केला. आणि २०११ मध्येच, वानुआतूच्या कितीतरी आधी, हवामान बदलाबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं मत मागावं असा आग्रह पलाऊने आमसभेत धरला होता. तो तेव्हा पुढे गेला नाही. वानुआतूने तो धागा पुन्हा उचलला आणि जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने मत दिलं.

अभयारण्याचीही दुसरी बाजू आहे. किनाऱ्याजवळच्या प्रवाळातली मासळी पर्यटकांच्या ताटात जाते आणि स्थानिकांना महाग पडते. बाहेरच्या समुद्रातला ट्यूना पुरेसा बाजारात येत नाही. बंद केलेला भाग कमी करावा, अशी मागणी खुद्द पलाऊमध्ये आहे. ही तक्रार रास्त आहे. जगाने कौतुक करावं म्हणून गरीब देशाने उपाशी राहायचं नसतं, आणि बुल लावणारा प्रमुखही ती कायमची लावत नसे. बंदी किती ठेवायची, किती उठवायची, याचा वाद पलाऊच्या संसदेत होतो, टोकियोत किंवा वॉशिंग्टनमध्ये नाही, ही गोष्ट मात्र १९८०च्या मतदानापर्यंत मागे जाते.

चीनच्या बाबतीतही हेच. पलाऊने १९९९ पासून तैवानला मान्यता दिली आहे. २०१५ मध्ये पलाऊला येणाऱ्या पर्यटकांतले निम्म्याहून अधिक चीनचे होते. २०१७ च्या अखेरीस चीनने आपल्या कंपन्यांना तिथे सहली न्यायला मनाई केली. हॉटेलं ओस पडली. पलाऊने मान्यता बदलली नाही. तैवान आणि अमेरिका पाठीशी असल्यामुळेच हे जमलं, असं म्हटलं जाईल, आणि त्यात तथ्य आहे. पण २०२३ मध्ये नकार अमेरिकेलाही मिळाला: पलाऊच्याच राष्ट्राध्यक्षांना अमेरिकेच्या पॅट्रियट क्षेपणास्त्रांची कायमची तुकडी हवी असताना तिथल्या सेनेटने तिच्याविरुद्ध ठराव केला. जो देश कुणाच्या तरी मुठीत आहे असं मानायचं, त्याने दोन्ही मुठींना वेगवेगळ्या वेळी नाही म्हटलेलं आहे.

धोका मला दिसतो तो दुसरीकडे. २०२४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने मंजूर केलेल्या नव्या मदतीप्रमाणे पलाऊला वीस वर्षांत ८८.९ कोटी डॉलर मिळायचे आहेत. आधीचा हप्ता २००९ मध्ये संपला, २०१० मध्ये नवा समझोता झाला, आणि त्याचे पैसे प्रत्यक्ष मिळायला २०१८ उजाडलं. ती आठ वर्षं पलाऊला वाट बघत काढावी लागली. करारामुळे पलाऊच्या माणसाला अमेरिकेत व्हिसाशिवाय राहता-कमावता येतं, म्हणून तरुण ग्वाम, हवाई आणि पलीकडे जातात. अनेक जण अमेरिकी सैन्यात भरती होतात. २०२०च्या जनगणनेत देशात साडेसतरा हजारांच्या आसपास माणसं होती, आणि त्यांतला मोठा भाग फिलिपिन्ससारख्या देशांतून कामाला आलेल्यांचा. करार अडवायला एकेकाळी जी चौथाई मतं पुरली, ती बेटावर राहणाऱ्या, वाफे सांभाळणाऱ्या, न्यायालयात जायला न घाबरणाऱ्या माणसांची होती. संरक्षणाचे अधिकार अमेरिकेला देणारी पन्नास वर्षांची मुदत २०४४ मध्ये भरेल. त्यावेळी अटी पुन्हा मांडल्या जातील, तेव्हा अशी माणसं बेटावर किती उरली असतील यावर पलाऊला काय मिळेल आणि काय टाळता येईल हे ठरेल. म्हणून आजच्या पलाऊमध्ये शिक्षकाचा पगार, कोरोरमधल्या घरभाड्याचा दर आणि बाबेलदाओबवरच्या शेतीला मिळणारा भाव हे प्रश्न मला क्षेपणास्त्रांच्या प्रश्नाइतकेच सार्वभौमत्वाचे वाटतात.